बोलिंगचा बॉल, सारंगखेड्याचा घोडा आणि जुन्या वस्तूचा रास्त भाव

आजचा प्रश्न साधा आहे. दुसऱ्याने वापरलेली वस्तू घेताना तिचा रास्त भाव कसा काढायचा? फोन, बाईक, क्रिकेटची बॅट, काहीही. पण सुरुवात आपण जरा विचित्र वस्तूपासून करू, बोलिंगच्या बॉलपासून. क्रिकेटची बोलिंग नव्हे. मॉलमध्ये लाकडी पट्टीवरून जड गोळा सोडून दहा पिना पाडतात, ती टेनपिन बोलिंग.

हा गोळा जुना घेण्यासारखी अवघड गोष्ट क्वचितच असेल. दिसायला चकचकीत, गोल, वजन जास्तीत जास्त १६ पौंड म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास. वरून पाहिलं तर नवा आणि जुना यात फरक कळत नाही. पण त्याला तीन भोकं असतात आणि ती आधीच्या मालकाच्या बोटांच्या मापाने पाडलेली असतात. तुमचा अंगठा त्यात अडकणार किंवा सैल बसणार. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. साधारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आलेले रेझिनचे बॉल पट्टीवरचं तेल शोषून घेतात. जितके गेम झाले तितकं तेल आत मुरतं आणि बॉलचं वळणं मंद होत जातं. किती गेम झाले हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही.

एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, सगळी गोम इथे आहे. आणि ही गोम सोडवायचा सगळ्यात जुना, सगळ्यात चिवट प्रयत्न बघायचा असेल तर मॉलमध्ये नाही, नंदुरबार जिल्ह्यात जावं लागतं. तापीच्या काठावर, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात.

सारंगखेडा शहादा तालुक्यात आहे. शहादा-दोंडाईचा रस्त्याने जाताना तापीवरचा पूल लागतो, तेच गाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्याआधी हे सगळं धुळे जिल्ह्यातच होतं. गावात एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. दत्त म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तीन तोंडं येतात, इथे एकच. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला यात्रा सुरू होते आणि पुढचे बरेच दिवस चालते. त्या यात्रेतच घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, कुठून कुठून ट्रक येतात. मारवाडी, काठियावाडी, सिंधी, पंजाबकडचा पांढराशुभ्र नुकरा. गेल्या दहाएक वर्षांत याला चेतक फेस्टिव्हलची झालर लागली, तंबू आले, स्पर्धा आल्या, ड्रोनचे व्हिडिओ आले.

बाजार किती जुना? गावकरी तीनशे-साडेतीनशे वर्षं म्हणतात, शिवरायांच्या सैन्याला इथून घोडे गेले असंही सांगतात. ही सांगोवांगीची गोष्ट आहे आणि ती तशीच ऐकावी. पण जागा मात्र योगायोगाची नाही. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरकडे आणि पुढे आग्ऱ्याकडे जाणारा मोठा व्यापारी रस्ता याच खानदेशातून जायचा. सतराव्या शतकात तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने गेला आणि त्याने नंदुरबारचा उल्लेख करून ठेवलाय. जिथून माल आणि माणसं जातात, तिथे जनावरं लागतात. आणि जिथे जनावरं लागतात तिथे जुनी जनावरं विकलीही जातात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बाजारातला जवळजवळ प्रत्येक घोडा ‘सेकंड हँड’ असतो. कुणीतरी त्याला वाढवलंय, शिकवलंय, कदाचित मारलंय, कदाचित बिघडवलंय. तो का विकला जातोय, हे फक्त मालकाला माहीत. आपल्याकडे जनावराच्या लपलेल्या दोषाला ‘खोड’ म्हणतात. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण माणसांना लावतो, पण जनावर विकत घेणाऱ्याने ती जास्त मनावर घ्यावी. एखादा घोडा गर्दीत बिथरतो, एखादा खोगीर चढवताना चावतो, एखादा गव्हाणीचं लाकूड दातात धरून हवा गिळत बसतो. यातलं काहीच उभ्या घोड्याकडे बघून कळत नाही.

मग बघणारे काय बघतात? पहिलं, दात. बैलाच्या बाजारात आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असे शब्द ऐकले असतील, ते दातांवरून वय सांगणारे शब्द आहेत. घोड्याचंही तसंच. समोरचे दुधाचे दात पडून पक्के दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना येतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं. पुढे खालच्या दातांवरचे खड्डे झिजायला लागतात, मधले सहाव्या वर्षाच्या सुमारास, बाजूचे सातव्या, कडेचे आठव्या. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर एक उभी खाच हिरडीपाशी दिसायला लागते. पंधराव्याला ती अर्ध्यावर येते, विसाव्याला दाताच्या टोकाला पोचते. आकडे अंदाजाचे आहेत, चाऱ्यात वाळू असेल तर दात लवकर झिजतात. म्हणून जाणकार माणूस ‘सात वर्षांचा’ असं ठामपणे म्हणत नाही, ‘सहा ते आठ’ म्हणतो.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असं आपल्याकडे म्हणतात. विकतच्या घोड्याचे मात्र दोनदा मोजावेत, कारण दातही फसवतात. म्हाताऱ्या घोड्याच्या दातावर कानस मारून, खोटा खड्डा कोरून, त्यात काळा डाग भरून त्याला तरुण करायची कला युरोपात इतकी चालायची की इंग्रजीत तिला स्वतःचं नावच आहे, बिशपिंग. मीटर मागे फिरवलेली गाडी आठवली ना? तेच.

दातांनंतर पाय. घोडा सरळ चालवून, दुडकी धरायला लावून, कठीण जमिनीवर आणि मग मऊ मातीत बघायचा. लंगडेपणा जास्त करून पुढच्या पायात असतो आणि तो डोक्यावरून कळतो, दुखरा पाय टेकला की घोडं डोकं वर उचलतं. इथे वेळेचा मुद्दा येतो. काही लंगडेपणा घोडा गरम झाला की दिसेनासा होतो. विकणारा म्हणाला, ‘आत्ताच फेरी मारून आणलाय, बघा कसा पळतोय’, तर कौतुक करण्याआधी शंका घ्यावी. पहाटेच्या थंडीत, रात्रभर बांधलेला घोडा दावणीवरून काढून पहिली वीस पावलं कशी टाकतो, ते बघावं. शिवाय दुखणं दाबणारी औषधं आहेत, त्यांचा असर एक-दोन दिवस टिकतो. पाच मिनिटांच्या सौद्यात हे सगळं लपतं.

आणि म्हणूनच मला वाटतं, यात्रा इतके दिवस चालते याला देवाइतकंच व्यवहाराचंही कारण असावं. चार दिवस शेजारच्या तंबूत राहून घोड्यावर नजर ठेवता येते. तो पाणी कसा पितो, खातो कसा, दुसरा घोडा जवळ आला की काय करतो, मालक त्याच्या मागे उभा राहतो की लांबून वळसा घेतो. मालकाचा वळसा ही उत्तम माहिती आहे आणि ती फुकट मिळते.

आणखी एक फसवणूक आहे, तिची बातमी झाली होती म्हणून सांगतो. २०२२ मध्ये पंजाबच्या संगरूर जिल्ह्यात एकाने काळा मारवाडी घोडा २० लाखांपेक्षा जास्त मोजून घेतला. घरी नेऊन आंघोळ घातली तर काळा रंग वाहून गेला आणि आतून साधा तांबूस घोडा निघाला. वीस लाखांच्या सौद्यात कुणी ओल्या फडक्याने घोडा पुसून बघितला नाही!

आता भावातल्या एका गमतीकडे येऊ. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. कपाळावर, मानेवर, छातीवर. आपल्याकडच्या जुन्या अश्वशास्त्रात कुठला भोवरा शुभ आणि कुठला अशुभ याची मोठी वर्णनं आहेत, आणि बाजारात आजही त्यावर भाव हलतो. गळ्याकडच्या एका भोवऱ्याला देवमण म्हणतात, तो असला की किंमत चढते. चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलं की पंचकल्याणी, पुन्हा चढते. एखादा भोवरा ‘मालकाला खाणारा’ निघाला की धडधाकट घोडा स्वस्तात जातो. घोड्याच्या पळण्याशी याचा काडीचा संबंध नाही. ज्याला भोवऱ्यांची भीती नाही आणि घोडा फक्त कामाला हवाय, त्याला इथे खरंच स्वस्तात चांगली वस्तू मिळते. (पुढे विकताना मात्र तोच भोवरा आडवा येईल, तेवढं धरून चालायचं.) बोलिंगच्या बॉलमध्येही असंच असतं. कुठला रंग, कुठली चमक, कुठल्या खेळाडूचं नाव. त्याचे पैसे वेगळे लागतात आणि पिना त्याने पडत नाहीत.

भाव ठरतो कसा? जनावरांच्या बाजारात जुनी पद्धत म्हणजे रुमालाखाली. दोघांचे हात कापडाखाली, बोटं धरून आकडा सांगायचा, तोंडाने फक्त ‘हजार’ किंवा ‘लाख’. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. मधे दलाल असतो, काही भागांत त्याला हेड्या म्हणतात. या पद्धतीवर बरीच टीका झालीय आणि ती बरोबर आहे, कारण कापड फक्त आकडाच झाकत नाही. शेजारचा घोडा कितीला गेला हे कुणालाच कळत नाही, मग तुलना कशाशी करणार? दलाल मात्र दिवसाला पन्नास हातांत हात घालतो, त्याला सगळ्यांचे भाव माहीत. विकणाऱ्याला घोडा माहीत, दलालाला बाजार माहीत आणि घेणाऱ्याला दोन्ही नाही.

हल्ली त्यात एक नवं कापड आलंय, बातम्यांचं. दरवर्षी डिसेंबरमध्ये सारंगखेड्यातल्या कुठल्यातरी घोड्याची ‘किंमत’ कोटीत छापून येते. तो मालकाने सांगितलेला आकडा असतो, सौद्याचा नसतो. घोडा बऱ्याचदा परत ट्रकमध्ये चढून घरी जातो. ओएलएक्सवर जुना फोन बघतानाही आपण हेच करतो, चार जाहिरातींतले आकडे बघून सरासरी काढतो. पण त्या जाहिराती अजून दिसतायत, म्हणजेच त्या आकड्याला माल गेलेला नाही. भाव शोधायचा तर झालेल्या व्यवहाराचा शोधायचा. सारंगखेड्यात शहादा कृषी उत्पन्न बाजार समितीकडे खरेदी-विक्रीची नोंद होते, पावती फाटते. रुमालाखाली जे लपतं, ते निदान तिथे कागदावर येतं.

दलाल मोडून काढायचा एक जबरदस्त प्रयोग आपल्या देशात सातशे वर्षांपूर्वी झाला होता. दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी, राज्य १२९६ ते १३१६. त्याला स्वस्तात मोठं घोडदळ हवं होतं. झियाउद्दीन बरनीने लिहून ठेवलंय की त्याने घोड्यांच्या प्रती ठरवून भाव बांधून टाकले. पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंक, दुसरीचा ८० ते ९०, तिसरीचा ६५ ते ७०, आणि तट्टू १० ते २५. दोन्हीकडून पैसे खाणाऱ्या मोठ्या दलालांना त्याने बाजारातून उचलून लांबच्या किल्ल्यांत पाठवलं. एकच घोडा दोनदा दाखवून पगार लाटू नये म्हणून घोड्यांना डागायची पद्धत कडक केली. भाव खरंच खाली राहिले. पण ते भीतीने राहिले होते. सुलतान गेला आणि बांधलेले भावही गेले.

माझ्या मते अलाउद्दीनचं भाव बांधणं हा त्या प्रयोगातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग होता. प्रती ठरवणं आणि डाग देणं ही खरी कामाची गोष्ट. घोडा कुठला, कुठल्या प्रतीचा, हे दोघांनाही सारखंच कळलं की निम्मं भांडण मिटतं.

दुसरी युक्ती त्याहून जुनी आहे, ती म्हणजे परत करायची मुदत. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेला माल पारखायला किती दिवस मिळावेत याची यादीच आहे. लोखंडाला एक दिवस. दुभत्या जनावराला तीन. ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच. रत्नांना सात. बियाण्याला दहा. यादीत दास-दासीही आहेत, हे विसरता येत नाही. माणसं आणि जनावरं तेव्हा एकाच बाजारात एकाच नियमाने विकली जात. पण मुदतींमागचा विचार बघा. लोखंड वाकवून बघितलं की त्याच दिवशी कळतं. गाय तीन दिवस पिळली की दूध कळतं. बी रुजायला वेळ लागतो म्हणून दहा दिवस. दोष बाहेर यायला जितका वेळ लागतो, तितकी मुदत.

कौटिल्याचं अर्थशास्त्र याहून पुढे जातं. रोगी जनावर निरोगी म्हणून विकलं तर दंड, आणि चतुष्पाद परत करायला तीन पंधरवड्यांपर्यंत मुदत. तिकडे रोममध्येही बाजार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांचा असाच हुकूम होता. गुलाम किंवा जनावर विकणाऱ्याने दोष आधीच सांगायचे, लपवले तर घेणारा सहा महिन्यांत सौदा मोडू शकतो, किंवा वर्षाच्या आत किंमत कमी करून मागू शकतो. एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांबच्या दोन संस्कृती जनावरांच्याच बाजारात येऊन एकाच जागी अडखळल्या आणि उत्तरही जवळपास एकच काढलं.

मग इंग्रजी कायदा आला आणि तो उलट्या बाजूने विचार करतो. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये ‘कपट’ म्हणजे काय ते सांगितलंय, आणि समजावून सांगायला उदाहरण कशाचं घेतलंय माहितीये? घोड्याचं! एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा धडधाकट नाही हे त्याला ठाऊक आहे. तो गप्प बसतो. कायदा म्हणतो, हे कपट नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे.

ऐकून राग येतो. पण पुढचं उदाहरण ऐका. घेणारा नुकतीच सज्ञान झालेली त्याची स्वतःची मुलगी असेल तर? तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य आहे. आणि तिसरं उदाहरण, माझ्या मते या सगळ्या कायद्यातलं सर्वसामान्य माणसाच्या सगळ्यात उपयोगाचं. घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निरोगी आहे असं मी धरून चालतो.’ आणि विकणारा गप्प राहतो. आता ते गप्प राहणं बोलण्याइतकंच झालं.

म्हणजे एका वाक्याने सगळा डाव फिरतो. न विचारलेल्या दोषाबद्दलचं मौन कायद्याला चालतं, विचारलेल्या दोषाबद्दलचं चालत नाही. शिवाय हे वाक्य आज व्हॉट्सॲपवर पाठवता येतं, निळ्या टिका येतात, तारीख-वेळ राहते. एक पाचर आहे. साधी काळजी घेतली असती तर दोष कळला असता, अशी परिस्थिती असेल तर विकणाऱ्याच्या मौनाकडे बोट दाखवून करार मोडता येत नाही. म्हणून दात बघायचे ते बघायचेच.

आता थोडं अर्थशास्त्र. १९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या तरुण अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा एक छोटा निबंध छापून आला, जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, एकाने तर विषय क्षुल्लक आहे म्हणून. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर. निबंधाचा गाभा असा. समजा बाजारात दहा घोडे आहेत. पाच चांगले, खरी किंमत ६०,००० रुपये. पाच खोडीचे, किंमत २०,०००. घेणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून तो मधला आकडा देतो, ४०,०००. चांगल्या घोड्याचा मालक म्हणतो, एवढ्यात परवडत नाही, आणि घोडा घरी नेतो. खोडीवाला खुशीत विकतो. पुढच्या वेळी घेणाऱ्यांना कळतं की इथे खोडीचेच घोडे मिळतात, ते २०,००० च्या वर जात नाहीत. चांगला माल बाजारातून गायब होतो. इथे कुणी भामटा असायचीही गरज नाही. नुसत्या न कळण्यानेच बाजार सडतो.

ॲकरलॉफ यांनी पुढे स्वतःच लिहिलंय की हा प्रश्न घोड्यांच्या व्यापाऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होता: हा माणूस घोडा विकायला निघालाय, तर मला तो खरंच हवाय का? निबंध लिहिल्यावर आणि छापून येण्याआधीच्या काळात, १९६७-६८ मध्ये, ते दिल्लीत राहत होते. निबंधात भारतातलं एक उदाहरण आहे, तांदळातले खडे निवडणाऱ्या बायकांचं, तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे मुद्दाम मिसळलेले खडे. आपल्या आज्या सुपात जे रोज निवडत होत्या, ते नोबेलपर्यंत गेलं.

यात नुकसान कुणाचं होतं ते बघू. कोटीच्या घोड्यावर फसलेला माणूस बातमी होतो आणि सावरतो. पण सारंगखेड्याला असेही लोक येतात ज्यांच्यासाठी घोडं हे रोजगाराचं साधन आहे. वरातीला घोडी भाड्याने देणारे. टांगेवाले. आणि सातपुड्यातले, अक्राणी-धडगावकडच्या डोंगरपाड्यांतले लोक, जिथे गाडीरस्ता संपला की धान्याची पोती आजही घोड्याच्या पाठीवर चढतात. त्यांचं तट्टू काही हजारांचं असतं, पण ते पैसे बहुतेकदा उसने असतात. आठ दिवसांनी लंगडणारं तट्टू म्हणजे बुडालेला हंगाम. रास्त भावाची गरज सगळ्यात जास्त याच माणसाला आहे आणि चार दिवस तंबू ठोकून घोडा न्याहाळत बसायची फुरसत त्यालाच नाही.

आणि एक धोका पैशांपलीकडचा आहे. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग आहे, तो माणसालाही होऊ शकतो. इंग्रजांनी त्यावर १८९९ मध्येच वेगळा कायदा केला होता. रोग सापडला तर जनावर मारून टाकावं लागतं, इलाज करून ठेवून घेता येत नाही. म्हणून रक्ततपासणीचा दाखला मागायचा, आणि तो त्याच घोड्याचा आहे ना हे बघायचं. दाखला नसेल तर भाव कमी करून घेण्यात अर्थ नाही, सोडून द्यायचं. काही दोषांना किंमत लावताच येत नाही.

आता आपल्या बॉलकडे. समजा नवा बॉल भोकं पाडून १५,००० ला पडतो. जुना मिळतोय, विकणारा म्हणतो, ‘निम्माच वापरलाय, ८,००० द्या.’ ऐकायला बरं वाटतं. पण निम्मं आयुष्य उरलेल्या वस्तूसाठी तुमच्या खिशातून एकूण ७,५०० जायला हवेत. त्यातले समजा ४,००० जुनी भोकं बुजवून तुमच्या मापाची नवी पाडायला लागणार. उरले ३,५००. तोच त्याचा भाव. भोकांसाठी आधीच्या मालकाने काय मोजलं, त्याचा तुमच्याशी संबंध नाही. घोड्याचंही असंच. वरातीत नाचायला शिकवलेल्या घोडीवर मालकाने वर्षभर खर्च केलेला असतो. तुम्हाला ती डोंगरात पोती वाहायला हवी असेल तर त्या शिकवणीची किंमत शून्य, उलट ती विसरायला लावायचा खर्च तुमचा. आणि मग तेच वाक्य, लेखी: ‘बॉलला कुठे तडा नाही आणि आधी भोकं बुजवलेली नाहीत असं मी धरून चालतो, नसेल तर आत्ताच सांगा.’

जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय नंबर बघा आणि संचार साथी पोर्टलवर तो तपासा, चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटी पावतीबद्दल. घोड्याच्या पावतीवर नुसतं ‘एक घोडा, लाल’ लिहून भागत नाही, लाल घोडे शेकडो असतात. वय, उंची, कुठल्या पायाला किती पांढरं, कपाळावरचा टिळा, जुन्या जखमेची खूण, हे लिहावं लागतं. आणि त्याबरोबर भोवरे. मघाशी मी ज्यांची टिंगल केली तेच. रंग बदलता येतो, दात कोरता येतात, पण केसांचे भोवरे जन्मापासून मरेपर्यंत जिथल्या तिथे राहतात. म्हणून जगभर घोड्यांच्या ओळखपत्रांवर त्यांच्या जागा चित्रात दाखवतात. भाव ठरवताना भोवरे मोजू नका. पावती लिहिताना मात्र एकेक मोजून लिहून घ्या, आणि घोड्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ते त्याच दिवशी विकणाऱ्याला पाठवून ठेवा.